अजगरिणीसाठी मागितलेली झाडं

माझ्या भावाने, नाबोर एस्लावाने, उभ्या आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन रोप मागितलं नव्हतं. रोपांसाठी लोक त्याच्याकडे यायचे. आमच्या सान लुइस गावात घरटी एक रोपवाटिका, तरी नाताळची लाल पानांची झाडं, नोचेबुएना, घ्यावीत तर नाबोरकडूनच, असं बाजारातले ट्रकवाले म्हणत. नोव्हेंबरात त्याच्या प्लास्टिकच्या छपराखाली गेलं की माझे डोळे दुखतात. इतका लाल रंग एका जागी असू नये. जखमेचा रंग, पण त्याला ओल नाही, वास नाही, नुसता रांगा करून उभा.

त्या रांगांमधून चालताना नाबोर एखादी कुंडी उचलायचा, तोलायचा, परत ठेवायचा. वजनावरून त्याला पाणी कळायचं. माणसांचं मात्र काहीच कळत नाही, असं माझी वहिनी रुतिला म्हणायची. ती गेल्यावर त्याला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते काम मी घेतलं. मी ओब्दुलिया, त्याची धाकटी बहीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये भिंत आहे, भिंतीत दार आहे, आणि ते दार कधी लावलेलं मला आठवत नाही.

मृतांच्या दिवसांसाठी लावलेला झेंडू विकून संपला होता, अंगणात पाकळ्या अजून चिकटलेल्या होत्या, तेव्हा त्याची मुलगी अनायेली आली. कोर्दोबाहून, खालच्या गरम मुलखातून. खांद्यावर एक पिशवी आणि छातीशी धरलेला, झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात जुन्या चादरीच्या घड्यांमध्ये लिचा होती. लिचा म्हणजे मासाक्वाता, त्या मुलखातली अजगरीण. अनायेलीने शिवणाच्या पहिल्या कमाईतून ती रीतसर विकत घेतलेली, कागदपत्रांसकट. तिच्या नवऱ्याच्या घरात तिचं असं ही अजगरीण आणि शिवणयंत्र, इतकंच होतं.

ती याआधीही एकदा अशीच आली होती. तेव्हा नाबोरने तिला जेवू घातलं, झोपू दिलं, आणि सकाळी बसमध्ये बसवताना तिच्या मांडीवर नोचेबुएनाची एक कुंडी ठेवली. ‘तुझं घर तिकडे आहे आता,’ म्हणाला. तिचा नवरा हिल्दार्दो मारत नव्हता. बाहेर जाताना बाहेरून कडी घालायचा, एवढंच. हे ‘एवढंच’ नाबोरचं.

या वेळी हिल्दार्दो लिचाला पोत्यात घालून उसाच्या शेतात टाकायला निघाला होता. त्याच्या हातातून पोतं ओढून घेऊन, लिचाला डब्यात घालून ही तशीच बसथांब्यावर गेली. आता तो फोनवर मऊ बोलत होता. ये, साप ठेव, कडी घालणार नाही.

अनायेलीने डबा स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं, “मी राहायला आले नाही, अपा. तुम्ही घाबरू नका.”

“मी कुठे घाबरलो,” नाबोर म्हणाला. तो डब्याकडे बघत होता.

“इथे थंडी आहे. लिचाने इथे खाल्लं, ती रुळली, तर बघू. नाही खाल्लं तर तिला परत खाली न्यावं लागेल. तिला माझ्यापायी मरू देणार नाही मी.”

“म्हणजे तू कुठे राहणार ते सापाचं पोट ठरवणार?” मी विचारलं.

“कुणीतरी ठरवायलाच हवं ना, तिया.” आत्याला, म्हणजे मला, ती तिया म्हणते.

लिचा खाईना. शहरातून आणलेला बर्फातला मेलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून, पुसून, चिमट्याने तिच्यासमोर धरला की ती मान मागे ओढायची आणि चादरीत शिरायची. सोचिमिल्कोच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. आजार काही नाही, म्हणाल्या. ती घाबरलेली आहे. उघड्या डब्यात चारी बाजूंनी तिला कुणीतरी बघतंय. तिला मोठी पेटी द्या, ऊब द्या, दमट हवा द्या, आणि आत जिवंत झाडं लावा, म्हणजे अंग लपवून बाहेर बघता येईल.

‘झाडं’ हा शब्द ऐकल्यावर नाबोरने टोपी काढून हातात घेतली. मुलगी आल्यापासून त्याला करता येण्यासारखं घरात काहीच नव्हतं. आता होतं.

बंद पडलेल्या एका बेकरीचं काचेचं कपाट तो गाडीवर घालून घेऊन आला. पाव मांडायचं, लांबरुंद, पुढे सरकत्या काचा. फळ्या काढल्या, छताला जाळी ठोकली, जाळीवर दिवा टांगला. काचेवर रंगवलेली गोड पावाची चित्रं त्याने खरवडली नाहीत. मग त्याने, अर्थातच, आपल्या रांगांमधल्या सर्वांत लाल तीन नोचेबुएना आत ठेवल्या.

अनायेलीने त्या संध्याकाळी त्या बाहेर काढून ठेवल्या.

“काय झालं?” नाबोर म्हणाला. “बिशपच्या घरी जातात ती झाडं.”

“फांदी मोडली की चीक निघतो, अपा. ही अंग टाकणार, फांद्या मोडणार, चीक हिच्या डोळ्यांत जाणार. आणि तुमच्या कुंड्यांमध्ये कीड मारायचे दाणे आहेत. पानावरचं पाणी पिते ती.”

“बिशप पीत नाही पानावरचं पाणी,” मी म्हणाले. नाबोर माझ्यावर चिडला, पण दाण्यांचं खरं होतं. त्या दाण्यांशिवाय गावात एकही कुंडी विक्रीला जात नाही.

मग त्याने डोकं लढवलं, आणि आमच्या गावाचा माणूसच करील अशी चूक केली. आमच्याकडे सगळं कालव्याच्या चिखलातून येतं. वडील होडीतून तळाचा काळा गाळ काढायचे, वाफ्यावर पसरायचे, सुकायला लागला की सुरीने वड्या पाडायचे. प्रत्येक वडीत बोटाने खळगा, खळग्यात बी. मुळं त्या वडीतच वाढतात, वडीसकट रोप उचलून लावायचं. त्या चिखलात काठी खोचली तरी तिला पालवी फुटते, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि ते बहुतेक खरंही आहे. नाबोरने ठरवलं की ज्या मातीत औषधाचा कण नाही ती माती म्हणजे हीच. मित्राची होडी घेऊन तो गाळ घेऊन आला, पेटीत पसरला, वड्या पाडल्या आणि ओढ्याकाठचे नेचे, शेवाळ, मोशेचा पाळणा म्हणतात ती पांढऱ्या फुलाची झाडं वडीवडीत लावली.

देखणं झालं होतं. शेजारचे नव्हे, पण आम्ही तिघं खुर्च्या मांडून त्या पेटीसमोर बसायचो. दिव्याच्या उजेडात नेच्यांच्या सावल्या भिंतीवर पडायच्या आणि वाटायचं की काचेच्या आत पहाट अडकून राहिली आहे, तिला पुढे दिवस नाही.

शेजारी नव्हते, कारण शेजाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. अनायेली बाहेर पडायची ती माझ्या दाराने, मागच्या गल्लीतून. कुणी विचारलं तर नाबोर म्हणायचा, ‘सणाला आलीये.’ कोणत्या सणाला ते सांगायचा नाही.

लिचाने नेचे पहिल्या दिवशीच लोळवले. मोशेचा पाळणा मुळासकट आडवा झाला. गाळ मात्र होता तसाच राहिला, ओला. पाणी खाली जायला वाट नव्हती. काही दिवसांनी ती जमिनीवर उतरेनाशी झाली, पाण्याच्या भांड्याच्या काठावर वेटोळं करून बसू लागली. अनायेलीने तिला उचलून पोट वर केलं, आणि तशीच उभी राहिली. पोटाच्या खवल्यांवर पाणी भरलेले बारीक फोड आले होते.

नाबोर वाकून बघायला लागला. ती मागे सरली.

“राहू द्या, अपा.”

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. लवकर लक्षात आलं म्हणून बरं होईल, म्हणाल्या, पण कोरडं ठेवा. लिचा परत डब्यात गेली, कागदावर. रात्रीच्या थंडीत अनायेली डब्याशेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायची. भाकऱ्या भाजताना तिने मला सांगितलं, ग्वादालूपे मातेचा दिवस झाला की ती जाणार. बाराला सण, तेराला बस. हिल्दार्दोला कळवलंय.

“कडीचं काय?” मी विचारलं.

“म्हणतो, नाही घालणार.”

“आणि तू ह्या जनावराला काचेत कोंडतेस ते?”

हे मी बोलायला नको होतं. पण तिला राग आला नाही. तव्यावरची भाकरी तिने बोटांनी उलटली.

“म्हणून तर मला कळतं, तिया, आत असलेल्याला काय काय लागतं.”

दार उघडं होतं. भिंतीपलीकडे नाबोर हात धूत होता, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पेटीतला सगळा गाळ उपसला. तळाला लाल सच्छिद्र दगडाची खडी घातली, तिच्यावर जाळीचं कापड, त्यावर डोंगरातली भुसभुशीत पानमाती आणि झाडाची साल. एका कोपऱ्यात खडीपर्यंत नळी सोडली, साचलेलं पाणी ओढून काढायला. हे सगळं दुपारपर्यंत झालं. मग तो रिकाम्या पेटीसमोर बसून राहिला.

“काय लावणार?” मी विचारलं.

“गावात विकायला आहे त्यातलं काहीच चालणार नाही.”

“मग?”

“परसातलं. ज्याला कधी औषध घातलं नाही असं. बायका रंगाच्या डब्यात, फुटक्या बादलीत लावतात ते.” तो थांबला. “आपल्याकडे तसलं काही नाही. रुतिलाने लावलेलं मी काढून टाकलं होतं. जागा खायचं.”

“म्हणजे मागावं लागणार.”

“हो.”

“मी येऊ?”

“ये,” तो म्हणाला. कात्री आणि टोपली घेतली, धुतलेला सदरा घातला.

पहिलं घर डोन्या एपिफानियाचं. तिच्या स्वयंपाकघरात एक टेलिफोन आहे. टेलिफोन म्हणजे वेल, बदामाच्या आकाराच्या तेलकट पानांची, दाराच्या चौकटीवरून, फ्रीजमागून, देवाच्या तसबिरीभोवती फिरून परत दाराशी आलेली. नाबोरला दारात पाहून तिने हात पुसले.

“डोन नाबोर. कोण मेलं?”

“कुणी नाही. ह्या वेलीचा एक तुकडा हवा होता.”

“तुम्हाला? माझ्याकडून?” तिने माझ्याकडे पाहिलं. “ओब्दुलिया, ह्याला ताप आहे का?”

“सापासाठी हवाय,” मी म्हणाले.

“मग ताप सापाला असेल.” ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “बरं, ऐका. मागून नेलेला तुकडा लागत नाही, चोरलेलाच लागतो. मी तिकडे तोंड करते. तुम्ही तोडा.”

आमच्याकडे हे सगळ्या बायका पाळतात. ती खरोखरच पाठ फिरवून उभी राहिली, चुलीकडे तोंड, हात कमरेवर. नाबोरने वेलीला कात्री लावली. आयुष्यभर रोपं विकलेला माणूस, चोरी करताना दाराकडे बघत होता.

पाठ तशीच ठेवून एपिफानियाने विचारलं, “अनायेली दिसली मला मागच्या गल्लीत. पाहुणी आलीये का?”

कुणाच्या तोंडाकडे बघून त्याने उत्तर दिलं असतं असं मला वाटत नाही. पण समोर नुसती पाठ होती, एप्रनची गाठ होती.

“नाही,” नाबोर म्हणाला. “घरी आलीये.”

“नवऱ्याने पाठवली?”

“तिने सोडला त्याला.” कात्री मिटल्याचा आवाज आला. “राहायला आलीये.”

एपिफानिया वळली नाही. म्हणाली, “आणखी एक तुकडा चोरा. एकटा तुकडा झुरतो.”

पुढच्या घरी सासूची जीभ मिळाली, ती उंच, टोकदार, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांची. तिथेही बाईने पाठ फिरवली, तिथेही तेच विचारलं. त्याच्या पुढच्या घरी वाईट आई. आपली पिल्लं लांब दांड्यावर बाहेर फेकून देते म्हणून त्या झाडाचं नाव तसं. प्रत्येक घरी नाबोरचं उत्तर थोडं आधी यायला लागलं. शेवटच्या घरी तर बाईने विचारायच्या आतच तो म्हणाला, “अनायेलीसाठी नेतोय. ती आता इथेच आहे.” आणि मग पाठीला नमस्कार करून बाहेर पडला.

वाटेत मी टोपलीत डोकावले. “वाईट आई, सासूची जीभ. अख्खा संसार उचललास की.”

“नवरा तेवढा घेतला नाही,” नाबोर म्हणाला. रुतिला गेल्यानंतर त्याने केलेला हा पहिला विनोद, आणि तो स्वतःच त्याने दचकला.

घरी आल्यावर त्याने जुन्या पँटचा एक पाय कापला, शिवला, ओल्या वाळूने भरला. हातावर तोलून बघितला, अनायेलीकडून लिचा मागून घेतली, तिला तोललं, मग वाळू थोडी कमी केली. सापाला त्याने हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा. तो वाळूचा पाय रोज संध्याकाळी एकेका झाडावर आडवा टाकायचा आणि सकाळी उचलायचा. जे झाड दुपारपर्यंत उठलं ते पेटीत, जे पडून राहिलं ते परत अंगणात. कुठून कुठून आलेली नाजूक, झालरीची झाडं अशी गळत गेली. वाईट आई चपटी झाली, उठली. टेलिफोनला तर काही वाटलंच नाही. सासूची जीभ वाकलीच नाही. तिला त्याने कोपऱ्यात लावलं, म्हणाला, टेकायला कुणीतरी ताठ हवं. ओकच्या एका वाकड्या फांदीला त्याने वेल बांधली आणि मुळं धरेपर्यंत पेटी लिचाविना ठेवली. रोज सकाळी पाणी फवारायचा आणि काचेला नाक लावून बघायचा.

अनायेली हे सगळं बघत होती. तिचं तिकीट टेबलावर फुलदाणीखाली ठेवलेलं होतं.

सणाच्या दोनेक दिवस आधी ती मक्याचं पीठ आणायला गिरणीत गेली. या वेळी पुढच्या दाराने, कारण मागच्या गल्लीत मांडव घालत होते. परत आली ती थेट रोपवाटिकेत. मी तिथे नाबोरबरोबर कुंड्यांना कागद गुंडाळत होते.

“अपा, गावात तुम्ही काय सांगितलंत?”

“झाडं मागितली.”

“एपिफानिया मला सगळ्यांसमोर म्हणाली, बरं झालं, आलीस ते. गिरणीवाल्याने बसायला स्टूल दिलं. म्हणाला, तुझे वडील सांगत होते, तू इथेच राहणार.”

नाबोर कागद गुंडाळत राहिला. “विचारलं लोकांनी. सांगितलं.”

“मला न विचारता?”

त्याने कुंडी खाली ठेवली. त्या लाल रांगांमध्ये तो फार म्हातारा दिसत होता. “तुझ्या तोंडाकडे बघून मला बोलता आलं नसतं, पोरी. मागच्या वेळी बोललो ते चुकलं. ते परत कसं घ्यायचं ते कळत नव्हतं. बायकांनी पाठ फिरवली, तेव्हा जमलं.”

“आणि लिचाने नाही खाल्लं तर?”

“तर तिला खाली कुणाकडे तरी ठेवू. डॉक्टरीणबाईंना विचारू. तू कशाला जायचं? तू काय ऊन खाऊन जगतेस?”

अनायेली घरात गेली. थोड्या वेळाने मी मागोमाग गेले तर ती पेटीच्या काचा सरकवत होती. लिचाने आदल्या दिवशीच कात टाकली होती, अखंड, आणि कातीखालचं पोट स्वच्छ निघालं होतं. डब्यातून ती हातावर आली, हातावरून फांदीवर. जड, सावकाश, जणू आपलं अंग पुढे येतंय की नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती. वेल दबली. वाईट आई सपाट झाली. सासूच्या जिभेला वळसा घालून लिचा पानांखाली गेली, आणि मग बराच वेळ काहीच दिसेना. नुसती पानं, त्यांवर फवाऱ्याचे थेंब, आणि कुठेतरी आत एक डोळा.

“दिसत नाहीये,” नाबोर दारातून म्हणाला.

“तेच हवं होतं,” अनायेली म्हणाली.

सणाच्या दिवशी गावात सकाळपासून फटाके होते, म्हणून तिने लिचासमोर काही धरलं नाही. तेरा तारखेला दुपारी, बसला निघायच्या वेळेला, तिने उंदीर कोमट केला, पुसला, चिमट्यात धरला. आम्ही दोघं मागे उभे होतो. नाबोरने टोपी छातीशी धरली होती, चर्चमध्ये धरतो तशी. पानांमधून आधी जीभ आली. मग डोकं, मग काही नाही. अनायेलीचा हात थकला, खाली येऊ लागला, तिने दुसऱ्या हाताने तो सावरला. मला वाटलं, आता ही चिमटा ठेवणार आणि तिकीट उचलणार.

लिचाने झेप घेतली ती मला दिसलीच नाही. दिसलं ते एवढंच, की चिमटा रिकामा होता आणि वेलीची पानं हलत होती.

नाबोर भिंतीला टेकला. अनायेलीने काच अगदी हळू सरकवली, जमिनीवर बसली आणि गुडघ्यांवर कपाळ टेकलं. रडली की नाही ते मला सांगता येणार नाही. बस गेली असावी, कारण तिचा भोंगा आमच्या कोपऱ्यावर नेहमी ऐकू येतो आणि त्या दिवशीही आला असणार.

संध्याकाळी हिल्दार्दोचा फोन आला. तिने तो अंगणात उभी राहून घेतला, पुढच्या दाराशी, गल्लीतल्या लोकांना ऐकू जाईल अशा जागी. “नाही,” म्हणाली. मग ऐकत राहिली. मग म्हणाली, “शिवणयंत्र माझ्या पैशांचं आहे, ते ट्रकने पाठव.” फोन खिशात टाकून ती नाबोरसमोर येऊन बसली. तो बीन्सची वाटी पुढ्यात घेऊन बसला होता, खात नव्हता.

“अपा, एक जागा लागेल.”

“यंत्राला? खिडकीपाशी ठेव.”

“यंत्राला नाही. उंदरांना. बर्फातले शहरातून किती दिवस आणायचे? घरीच पाळले तर बरे.”

नाबोरने मान वर केली. “उंदीर? नोचेबुएनाच्या गावात? मी आयुष्यभर मारत आलो उंदीर.”

“पिंजऱ्यात राहतील. थोडेच.”

“पोरी, लोक काय म्हणतील,” मी म्हणाले.

“काय म्हणायचंय ते पाठ फिरवून म्हणतील,” अनायेली म्हणाली.

नाबोरने मक्याच्या भाकरीचा तुकडा बीन्समध्ये बुडवला, तोंडात घातला, बराच वेळ चावला.

“कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे एक कोपरा आहे,” तो म्हणाला. “पण वारा येतो तिकडून. आधी भिंत घालावी लागेल. उद्या विटा बघू.”